ठाण्याच्या दारातले कलम १९

केशवराव जेधे १९५७ साली बारामतीतून लोकसभेवर निवडून गेले. त्याच्या एकतीस वर्षे आधी एका पुस्तिकेपायी ते पुण्याच्या कोर्टात आरोपी म्हणून उभे होते. पुस्तिकेचे नाव ‘देशाचे दुश्मन’. दिनकरराव जवळकरांनी ती १९२५ मध्ये लिहिली, जेध्यांनी प्रसिद्ध केली आणि केशवराव बागडे वकिलांनी तिला प्रस्तावना जोडली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक या दोघांवर तिच्यात जी झोड उठवली होती, ती आजच्या कुठल्याही ट्रोलला मान खाली घालायला लावील अशी होती. फिर्याद झाली ती बदनामीची. खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावल्या. अपील पुण्याच्या सेशन्स कोर्टात आले तेव्हा आरोपींच्या बाजूने नुकतीच मुंबईत वकिली सुरू केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. समोर ल. ब. भोपटकर, म्हणजे पुण्यातले नाणावलेले वकील.

आंबेडकरांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण ठोकले नाही. तेव्हा राज्यघटनाच नव्हती, मग कलम १९ कुठले? त्यांनी बोट ठेवले ते भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ च्या पहिल्या स्पष्टीकरणावर. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, पण लिखाण त्याच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेले असावे लागते. विष्णुशास्त्री वारले १८८२ मध्ये. फिर्यादी त्यांचा दूरचा नातेवाईक. मग त्याला फिर्याद करण्याचा अधिकार येतो कुठून? १९२६ मध्ये सगळे आरोपी सुटले.

कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी एकच खटला सांगायचा ठरवला तर हा सांगेन. तो बारामतीच्या खासदाराचा आहे म्हणून तर सांगेनच, पण खरे कारण वेगळे आहे. बोलण्या-लिहिण्याबद्दलचे फौजदारी खटले आपल्याकडे तत्त्वांवर फार थोडे सुटतात. ते सुटतात किंवा अडकतात ते फिर्याद कोणी दिली, कोणत्या ठाण्यात दिली, ठाणे अंमलदाराने कोणती कलमे टाकली आणि दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर कोणी काय विचारले यावर.

जेधे १९५९ मध्ये खासदार असतानाच वारले. १९६० च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने गुलाबराव जेध्यांना उभे केले आणि शेतकरी कामगार पक्षाने वसंतराव पवार या वकिलाला. वसंतरावांचे धाकटे बंधू शरद तेव्हा काँग्रेसच्या प्रचारात होते, म्हणजे सख्ख्या भावाच्या विरोधात. पवारांच्या घरातली राजकीय भाऊबंदकी २०२४ मध्ये सुरू झाली असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे. गुलाबराव निवडून आले. आज बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे जे विधी महाविद्यालय आहे, त्याला याच वसंतराव पवारांचे नाव आहे. प्रतिष्ठान १९७२ चे, महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. इंदापूर, भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगर या भागातल्या ज्याला काळा कोट घालायचा आहे त्याला पुणे लांब पडते, बारामती जवळ. इंदापुरातून पन्नासेक किलोमीटर.

इथला, आणि खरे तर कुठलाही, कायद्याचा विद्यार्थी अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकतो ते राज्यघटनेच्या पेपरात. कलम १९(१)(क), मग १९(२) मधली वाजवी बंधने, मग केदारनाथ सिंग १९६२, श्रेया सिंघल २०१५. गुन्हे शिकतो ते दुसऱ्या पेपरात. फौजदारी प्रक्रिया तिसऱ्या पेपरात, बहुतेक वेळा वेगळ्या सत्रात आणि वेगळ्या सरांकडे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी हे सगळे विषय सक्तीचे केले आहेत, तेव्हा शिकवले जात नाही अशी तक्रार करता येणार नाही. तक्रार आहे ती या तिन्हींची गाठ कुठे पडत नाही याची. घटनेच्या पेपरात मुलगा सर्वोच्च न्यायालयातल्या पाच न्यायमूर्तींचे म्हणणे पाठ करतो. त्याच्या गावातल्या मित्राला स्टेटसवरून उचलले, तर मात्र ठाण्यात जाऊन पहिला प्रश्न कोणता विचारायचा हे त्याला त्या पेपराने सांगितलेले नसते.

त्यात १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले. भारतीय दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली; फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. शंभर-दीडशे वर्षे मराठीत रुळलेला ‘चारसो बीस’ आता कायद्याने ३१८ झाला. तो शब्द म्हणून मात्र बहुधा आणखी शंभर वर्षे ४२० च राहील. राजद्रोहाचे १२४अ गेले आणि त्याच्या जागी सार्वभौमत्व, एकता, अखंडतेला धोका आणणारे कलम १५२ आले. १५३अ चे १९६ झाले, २९५अ चे २९९, ५०५ चे ३५३, बदनामीच्या ४९९-५०० चे एकच ३५६. नव्या बेअर ॲक्टबरोबर जुनाही जवळ ठेवावा लागतो, कारण जून २०२४ पर्यंतच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू. आकड्यांच्या या धांदलीत विद्यार्थ्यांचे एका गोष्टीकडे नेहमीच दुर्लक्ष होते, आणि जुन्या कायद्याच्या काळातही होत होते. ती गोष्ट म्हणजे प्रक्रिया संहितेच्या शेवटी जोडलेली पहिली अनुसूची.

हा एक लांबच लांब तक्ता आहे. एका रकान्यात कलम, पुढच्यात गुन्हा, मग शिक्षा, मग दखलपात्र की अदखलपात्र, मग जामीनपात्र की अजामीनपात्र, शेवटी कोणत्या कोर्टात चालणार. परीक्षेत यावर मोठा प्रश्न येत नाही, म्हणून वाचतो कोण? पण महाराष्ट्रात कोण किती बोलू शकतो हे प्रत्यक्षात ठरते या तक्त्याच्या चौथ्या आणि पाचव्या रकान्यात. बदनामी, कलम ३५६: अदखलपात्र, जामीनपात्र. डिवचण्यासाठी केलेला अपमान, कलम ३५२: अदखलपात्र, जामीनपात्र. गटागटांत वैर वाढवणे, कलम १९६: दखलपात्र, अजामीनपात्र. धार्मिक भावना दुखावणे, कलम २९९: दखलपात्र, अजामीनपात्र.

म्हणजे कोणी कोणाची बदनामी केली तर पोलीस वॉरंटाशिवाय त्याला हात लावू शकत नाहीत. ठाण्यात जाल तर अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, करून घेतील आणि कोर्टात जा म्हणतील. कोर्टात फिर्याद द्यायची तीही ज्याची बदनामी झाली त्यानेच; प्रक्रिया संहितेचे कलम २२२ तसे सांगते. नव्या कायद्यात आणखी एक भर पडली आहे: खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, कलम २२३. थोडक्यात, नेत्याच्या चाहत्याला नेत्याच्या बदनामीसाठी कोणाला रातोरात आत टाकायचे असेल तर बदनामीचे कलम त्याच्या काही कामाचे नाही.

कामाचे आहे ते प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ चे चौथे पोटकलम. एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला, तर अख्खे प्रकरण दखलपात्र धरले जाते. जुन्या कायद्यातही हे होतेच, कलम १५५(४). बदनामीला जोडून १९६ टाकले की गाडी बाहेर काढता येते. मूळ राग बदनामीचा असतो, अटक वैर पसरवल्याची होते.

आता एक मूट प्रॉब्लेम. मूट कोर्टाच्या, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या, स्पर्धांत असतात तसा, फक्त काल्पनिक बेटावरचा नाही.

समजा, इंदापूर तालुक्यातला बावीस वर्षांचा मुलगा. घरी तीन एकर ऊस. गाळप संपून चार महिने झाले, पैसे आलेले नाहीत. कारखान्याची निवडणूक तोंडावर आहे. चेअरमनचा फोटो लावून तो व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवतो: ‘काट्यात मारता, बिलात मारता, वर सभेत रामराम करता. यंदा सगळ्या घराण्यालाच उसात गाडू.’ दोनशे-सव्वादोनशे जणांनी पाहिले. त्यातल्या एकाने स्क्रीनशॉट काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी चेअरमनच्या गटातले पंधरा-वीस जण ठाण्यात. चेअरमन स्वतः नाहीत.

पहिला प्रश्न, काट्यात मारल्याचा आरोप बदनामी आहे का? आहे, जोवर तो अपवादात बसत नाही. कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. सार्वजनिक हितासाठी केलेले खरे विधान हा पहिला. सार्वजनिक प्रश्नातल्या माणसाच्या वागणुकीबद्दल प्रामाणिकपणे दिलेले मत हा तिसरा. पण अपवादाचा फायदा घ्यायचा तर ते शाबीत करण्याचा भार आरोपीवर. तेव्हा पोराने काट्याची पावती जपून ठेवली आहे का, बाहेरच्या काट्यावर तीच ट्रॉली तोलून घेतली होती का, हे आधी विचारा. ‘बिलात मारता’ याला मात्र त्याच्याकडे बळकट आधार आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. चार महिने पैसे नाहीत हे बँकेच्या पासबुकावरूनच दिसते. कायद्याच्या विद्यार्थ्याने ऊसवाल्याच्या घरात जन्म घेतल्याचा फायदा इथे व्हायला हवा.

दुसरा प्रश्न, ‘गाडू’ ही धमकी का? आमच्याकडच्या निवडणुका ज्याने पाहिल्या आहेत त्याला हसू येईल. इथे विरोधकाला पाणी पाजतात, धूळ चारतात, आस्मान दाखवतात, त्याचा बाजार उठवतात, गुलालाच्या दिवशी त्याच्या दारात फटाके लावतात. पाणी पाजणाऱ्याने आजवर कोणाला तांब्याभर पाणी दिलेले नाही. धमकीच्या गुन्ह्याला, म्हणजे कलम ३५१ ला, समोरच्याच्या मनात भीती घालण्याचा हेतू लागतो. पण ‘सगळ्या घराण्याला’ हे शब्द मला खटकतात. चेअरमनवर राग असेल तर त्याच्या लेकीसुनांना, नातवंडांना उसात का गाडायचे? इथे सरकारी वकिलालाही बोलायला जागा आहे, आणि विद्यार्थ्याने त्याच्या बाजूनेही लढून पाहावे.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: यात कलम १९६ कुठे आहे? धर्म, वंश, भाषा, प्रदेश, जात, समाज अशा गटांत वैर वाढवणे हा तो गुन्हा. त्यासाठी किमान दोन गट लागतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या बिलाल अहमद कालू प्रकरणात सांगून ठेवले आहे. एका माणसाचे चाहते म्हणजे ‘समाज’ होतो का? एक घराणे म्हणजे समाज का? कारखान्याचे दोन पॅनेल म्हणजे दोन समाज का? फिर्यादी गट म्हणेल, चेअरमन आमच्या समाजाचे भूषण, त्यांचा अपमान तो समाजाचा. या एका वाक्यावर किती जणांनी कोठडी पाहिली आहे याचा कोणी हिशेब ठेवलेला नाही.

हा प्रॉब्लेम मी हवेतून काढलेला नाही. मे २०२२ मध्ये शरद पवारांना उद्देशून असलेली, दुसऱ्याच्या नावाची एक पद्यरचना फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी अटक केली. रचनेत पूर्ण नाव नव्हते. आडनाव होते, आणि आजारपणाची व मरणाची भाषा होती. ती वाचून चीड यावी अशीच होती. कलमे लागली ५००, ५०१, ५०५(२) आणि १५३अ. पहिली दोन बदनामीची, पुढची दोन दखलपात्र. राज्यात ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले. त्या सुमारे चाळीस दिवसांनी बाहेर आल्या. त्याच आठवड्यात नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या, औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला ट्विटसाठी अटक झाली. बारामतीच्या गांधींसाठी बारामतीचाच नथुराम तयार करावा असा त्याचा आशय होता. माझ्या मूटमधल्या ‘गाडू’पेक्षा हे फार वाईट. नथुराम हा आपल्याकडे वाक्प्रचार नाही. त्याने खरोखर गोळ्या झाडल्या होत्या. पण विशीतला तो मुलगा महिनाभराहून अधिक काळ आत राहिला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. एस. शिंदे आणि मिलिंद जाधव यांनीच सरकारला सुनावले की, विद्यार्थ्याला असे कोंडून ठेवण्याने पद्मविभूषण मिळालेल्या नेत्याच्या नावालाच बट्टा लागतो आणि हे खुद्द त्या नेत्यालाही आवडणार नाही. जूनच्या उत्तरार्धात तो सुटला.

हा एका पक्षाचा दोष मानणाऱ्याने २०१२ चे पालघर आठवावे. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी मुंबई बंद का, असे फेसबुकवर विचारणाऱ्या मुलीला आणि ते ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ विरुद्ध श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली, आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झाले तेव्हा त्या स्वतः कायदा शिकत होत्या. मे २०२५ चे पुणेही आठवावे. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत एकोणीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने दुसऱ्याची पोस्ट पुढे ढकलली, थोड्या वेळात काढून टाकली, माफी मागितली. तरी अटक आणि कॉलेजमधून काढून टाकणे या दोन्ही गोष्टी झाल्या. न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि सोमशेखर सुंदरेसन यांनी २७ मे रोजी तिला सोडायचा आदेश दिला आणि सरकारला विचारले की, तुम्ही एका विद्यार्थिनीला गुन्हेगार बनवत आहात का? सरकारे तीन वेगवेगळी होती, तक्त्याचे रकाने तेच.

या सगळ्या प्रकरणांत वरचे कोर्ट शेवटी बरोबर बोलले. म्हणूनच वर्गात ती सुखान्त गोष्टींसारखी शिकवली जातात. पण वरच्या कोर्टात पोचेपर्यंतचे दिवस कुणाच्या निकालपत्रात धरले जात नाहीत. तालुक्यातल्या माणसाला हायकोर्टाचा वकील परवडत नाही. त्याच्यासाठी राज्यघटना म्हणजे त्या दिवशीचे रिमांड कोर्ट. शुक्रवारी संध्याकाळी अटक, चोवीस तासांत हजर करायचे म्हणून शनिवारी सुट्टीच्या कोर्टासमोर. पोलीस कोठडी (पीसीआर) मिळणार की न्यायालयीन कोठडी (एमसीआर), यावर पाच-सात मिनिटे. त्या पाच-सात मिनिटांत नुकतीच सनद मिळालेल्या पोराने एवढे म्हटले पाहिजे: साहेब, मूळ आरोप अदखलपात्र आहे, १९६ साठी दुसरा गट कोणता ते रिमांड रिपोर्टमध्ये लिहिलेलेच नाही, सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असताना अटकेऐवजी कलम ३५ ची नोटीस का दिली नाही, मोबाइल जप्त झाला आहे, स्टेटस नाकारलेले नाही, मग कोठडी कशासाठी? यात एकही उदात्त वाक्य नाही. आणि चार्जशीट आल्यावर आणखी एक विचारायचे, कारण १९६ आणि २९९ मध्ये केंद्र किंवा राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही, प्रक्रिया संहितेचे कलम २१७. मंजुरीविना पडून राहिलेली अशी प्रकरणे जुन्या वकिलांना ठाऊक असतात.

अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने ठाण्याच्या दारापर्यंत यायला सुरुवात केली आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिकवणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकाने ५ ऑगस्ट हा काळा दिवस म्हणणारे आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा देणारे स्टेटस ठेवले, हातकणंगले ठाण्यात १५३अ चा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी, जावेद अहमद हजाम प्रकरणात, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी तो रद्द केला आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलिसांना शिकवायची वेळ आली आहे असे लिहिले. वर्षभराने, इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात, ओकांच्याच खंडपीठाने आणखी एक पाऊल टाकले. नव्या प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते; बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ती करणेच योग्य, असे कोर्टाने सांगितले. आणि शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर मनाच्या शहाण्या माणसाच्या नजरेने, शब्दाशब्दाला धोका दिसणाऱ्या दुबळ्या माणसाच्या नजरेने नव्हे. ही कसोटी मूळची नागपूरची. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तिथल्या हायकोर्टात व्हिव्हियन बोस यांनी ती लिहिली होती.

ठाणे अंमलदाराला खलनायक करून मोकळे होणे सोपे आहे. १ ऑगस्ट २०२५ ला शेजारच्या दौंड तालुक्यात, यवतला, एका पोस्टवरून जाळपोळ झाली, अश्रुधूर सोडावा लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्याच्या पुसेसावळीत पोस्टवरूनच दंगल होऊन माणूस मेला. ठाण्यासमोर दोनशेचा जमाव घोषणा देतो आहे, वरून फोन येत आहेत, आणि हाताशी दहा-बारा माणसे. अशा वेळी गुन्हा दाखल करून पोराला आत घेणे हे कधीकधी त्याच पोराला वाचवण्यासाठीही होते. हे मी खरे मानतो. पण मग जमाव जमवणाऱ्यावर कोणते कलम लागले, हेही विचारायला हवे. जमाव मोठा म्हणून पोस्ट मोठा गुन्हा होत असेल तर उद्या ज्याच्याकडे माणसे जास्त त्याच्याच भावना दुखावतील. सण किंवा निवडणूक आली की ग्रुप ॲडमिनच्या हातात पोलीस नोटीस देतात. लोक तिला अजून ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’ म्हणतात, कलम आता १६८ आहे. सभासदाने टाकलेल्या मजकुराला, सामाईक हेतू नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही असे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटले आहे. ॲडमिन मात्र नोटीस घडी करून पाकिटात ठेवतो आणि ग्रुप ‘ओन्ली ॲडमिन्स’ करून टाकतो.

बोलण्याला फौजदारी कलमाशिवाय दुसरे उत्तर असते, आणि त्याचा दाखला इंदापूर तालुक्यातच आहे. एप्रिल २०१३, दुष्काळ कडक, उजनीच्या पाण्यासाठी सोलापूरचा एक शेतकरी कार्यकर्ता मुंबईत उपोषणाला बसलेला. निंबोडीच्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्या उपोषणाची आणि कोरड्या धरणाची जी थट्टा केली, ती इथे परत लिहायची गरज नाही. महाराष्ट्रात ती कोणाच्या स्मरणातून गेलेली नाही. सभेला हशा पिकला होता. चार दिवसांत राज्यभर संताप उसळला, विधिमंडळ ठप्प झाले, माफी मागावी लागली, आणि १४ एप्रिलला कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश करत बसावे लागले. कोणी कोठडीत गेले नाही. लोकांनी ऐकले, संतापले, उलट बोलले. हाच न्याय ऊसवाल्या पोराच्या स्टेटसला का नाही?

मराठी दिवाळी अंकही एकदा या तडाख्यातून गेलेला आहे. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. पुण्यातल्या एका वाचकाला ती अश्लील वाटली आणि त्याने मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद केली. शिक्षा झाली पंचवीस रुपये दंडाची, शिवाय आरोपींच्या ताब्यातले अंक नष्ट करण्याची. पंचवीस रुपये भरून मोकळे होता आले असते. काकोडकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये सुटले. नुसता लैंगिक विषय आला म्हणून लिखाण अश्लील ठरवायचे तर धार्मिक ग्रंथांखेरीज काही विकता येणार नाही, असे कोर्टाला म्हणावे लागले. अश्लीलतेच्या कायद्यात हा निकाल आजही शिकवला जातो. पण वसंत दत्तात्रय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेला २०१५ मध्ये तेवढी मोकळीक मिळाली नाही. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात ती छापली होती. माफी मागितलेले प्रकाशक-मुद्रक सुटले, कवीवरचा आरोप कायम राहिला. थोर पुरुषाच्या तोंडी असभ्य शब्द घालताना कवीच्या स्वातंत्र्याला मर्यादा येते, असे न्यायमूर्ती दीपक मिश्रांच्या खंडपीठाने ठरवले. मला हा निकाल पटलेला नाही. एकवीस वर्षे एका कवितेचा खटला चालणे हीच शिक्षा होती.

ठाण्यातला आणि रिमांड कोर्टातला हा कायदा शिकवण्याची सोय अभ्यासक्रमात आहे, हे सांगितलेच पाहिजे. मूट कोर्टाच्या सक्तीच्या पेपरात शंभरातले तीस गुण दोन खटले प्रत्यक्ष कोर्टात बसून पाहण्याला आहेत, एक दिवाणी, एक फौजदारी; आणखी तीस पक्षकाराची मुलाखत, पूर्वतयारी आणि इंटर्नशिपच्या डायरीला. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे इंटर्नशिप, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा. प्रत्यक्षात डायऱ्या एकमेकांच्या बघून भरल्या जातात हे गुपित नाही. फौजदारी खटला म्हणून मुले एखाद्या खुनाच्या केसची एक तारीख बघून येतात, कारण तिच्यात रस असतो. त्याऐवजी त्यांना आठवडाभर रिमांडच्या वेळेला इंदापूरच्या किंवा बारामतीच्या कोर्टात मागच्या बाकावर बसवावे, हातात पहिली अनुसूची द्यावी आणि प्रत्येक आरोपीच्या कलमापुढचे दोन रकाने भरायला सांगावेत. ज्या सरांना हे फार कोरडे वाटेल त्यांनी टिळकांचा दाखला द्यावा. १८७९ चे एलएल.बी. असलेले टिळक पुण्यात वकिलीच्या परीक्षेचा लॉ क्लास चालवत, आणि १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी १२४अ मधल्या अप्रीतीचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ इतका ताणला तेव्हा तो ऐकत आरोपीच्या पिंजऱ्यात कायद्याचा हा शिक्षकच उभा होता.

राहिला मूट प्रॉब्लेमचा शेवटचा प्रश्न, तो निकालाचा नाही, शिक्षेचा. न्याय संहितेने बदनामीला कैद आणि दंडाबरोबर समाजसेवेचीही शिक्षा ठेवली आहे. अशा मोजक्या गुन्ह्यांत ती आली आहे. समाजाच्या उपयोगाचे, बिनमोबदल्याचे काम, एवढीच तिची व्याख्या. समजा १९६ टिकले नाही, ३५१ टिकले नाही, आणि काट्याची पावती हरवल्यामुळे बदनामी मात्र शाबीत झाली. या पोराला कोर्टाने कोणते काम लावावे? ग्रामपंचायतीचा रस्ता झाडणे, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढणे, अशी उत्तरे येतील. मी परीक्षक असतो तर पैकीच्या पैकी गुण त्याला दिले असते जो लिहील की, येत्या हंगामात महिनाभर त्याला कारखान्याच्या काट्यावर उभे करावे, प्रत्येक ट्रॉलीचे वजन वहीत उतरवायला.